टॅपेट वाजत नाहीत

३ फेब्रुवारी

ही वही लिहायला घेण्याचं कारण एकच. गॅरेजात कुठेतरी पाणी मुरतंय आणि ते नेमकं कुठे, हे मला कळलं पाहिजे. बोलून उपयोग नाही, कारण ज्यांच्याशी बोलायचं त्या भाऊजींवरच, माझ्या दिरावरच, संशय आहे. म्हणून लिहून ठेवते. वही गॅस्केटच्या कागदांखाली राहील. तिथली कात्री मी कुणाला वापरू देत नाही, त्यामुळे तिथे कुणी हातही घालत नाही.

आज हिरवी गाडी आली. मालक म्हणजे आमचे कप्तान. जुन्या गाड्यांच्या मंडळाचे पुढारी म्हणून हे नाव, नाहीतर त्यांना पोहताही येत नाही. मंडळाच्या अकरा गाड्या, सगळ्या एका जातीच्या. इंजिन मागे, पाणी नाही, रेडिएटर नाही, सगळं वाऱ्यावर थंड होणारं. दोन मार्चला मंडळ घाट चढणार आहे. मागच्या वर्षी घाटाच्या मध्यावर एका गाडीचे रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे लोखंडी हात, सुके पडून जळाले आणि ती दोरीने ओढत खाली आणली. हे इंजिनाच्या माथ्यावर तेल न पोचण्याचं दुखणं या जातीला जन्मापासून आहे. त्यावर मी एक युक्ती काढली आहे.

कप्तान म्हणाले, "बाई, ही गाडी घाट चढून नीट उतरली, तर बाकीच्या दहा तुमच्या हवाली. नाही उतरली, तर आम्ही पलीकडच्या चकाचक गॅरेजात जाऊ. तिथे सगळं यंत्रावर तपासतात म्हणे."

यंत्रावर! हे होते तेव्हा लोक नुसतं मला ऐकवायला गाड्या घेऊन यायचे. हे म्हणायचे, "आमच्याकडे मशीन नाही, आमच्याकडे हिचा कान आहे." यांना जाऊन सहा वर्षं झाली. कान अजून आहे, आणि घाटावर तोच पणाला लागलाय.

कप्तानांनी मला दोनदा "जरा मोठ्याने बोला" म्हटलं. वय झालं बिचाऱ्यांचं, कमी ऐकू येत असणार.

७ फेब्रुवारी

इंजिन उघडलं. युक्ती लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी चोरली तर तारखेसकट पुरावा राहील.

या इंजिनात खालचं तेल पोकळ दांड्यांतून वर रॉकरपर्यंत जातं. दांडीच्या बुडाशी टॅपेट असतो, कॅमच्या फिरत्या उंचवट्यावर वरखाली होणारा पेला. तो एका ठरावीक जागी आला की तेवढ्यापुरतं तेल वर सुटतं. म्हणजे घोटभर प्यायचं आणि थांबायचं. मी टॅपेटच्या कमरेला गोल खाच पाडायची ठरवली, म्हणजे तो कुठेही असला तरी तेल चालूच राहील. आणि प्रत्येक रॉकरला एक बारीक भोक, म्हणजे ते तेल सेटिंगच्या स्क्रूवर आणि व्हॉल्व्हच्या टोकावर पडेल. भोक मला दीड मिलिमीटरचं हवं होतं. भाऊजी म्हणाले एकच पुरे, नाहीतर सगळं तेल वर जाऊन बसेल आणि खालचे बेअरिंग उपाशी राहतील. पटलं. ऐकलं. माणूस कामात हुशार आहे, हे मी कधीच नाकारलं नाही.

पण एक गोष्ट आज पक्की ध्यानात आली. लेथ चालू असताना भाऊजी माझ्याशी स्वच्छ, खणखणीत बोलतात. लेथ बंद केला की आवाज खाली जातो आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. मी दोनदा मुद्दाम पाहिलं. चालू, खणखणीत. बंद, पुटपुट. शांततेत कुणी ऐकेल याची ज्याला भीती, त्याच्या मनात काहीतरी असतंच.

१० फेब्रुवारी

आज सुरू केलं. टॅपेट वाजत नाहीत!

मी आयुष्यात असं इंजिन ऐकलेलं नाही. नवीन असताना ही इंजिनं थोडी टिकटिकायचीच. आज पंख्याची घरघर आणि बाकी लोणी. मी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या. वाटलं, हे असते तर यांनी मला खांद्यावर घेतलं असतं, कंबर मोडली तरी.

आता माझी सेटिंगची पद्धत लिहिते. बाकीचे लोक रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात फीलरची पाती घालून गॅप मोजतात. मला वीस वर्षांत पाती लागलेली नाही. मी स्क्रू जरा सैल करते, इंजिन चालू करून ऐकते. टिकटिक येईपर्यंत सैल करत जायचं, आली की केसभर मागे फिरायचं. झालं सेटिंग. आज काय नवल! पूर्वी पाव फेरा सैल केला की टॅपेट बोंबलायचा. आज जवळजवळ पूर्ण फेरा दिला तेव्हा कुठे पुसटशी टिकटिक आली. तेलाची अशी गादी बसली आहे की लोखंडाला लोखंड लागतच नाही.

भाऊजींचा चेहरा मात्र बघण्यासारखा होता. ओठ आवळून इंजिनाकडे बघत होते. म्हणाले, "वहिनी, एकदा पाती लावून बघू या का?"

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

ते काहीतरी पुटपुटले आणि फडक्याला हात पुसत बाहेर गेले. पोटात दुखतंय, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी

टॅपेट कव्हर एका तारेच्या कडीने दाबून बसवलेलं असतं. परवा संध्याकाळी कडी आणि कव्हर यांच्यावर मिळून मी खडूची एक रेघ ओढली होती. काल सकाळी रेघ तुटलेली. कडी उघडून परत लावलेली आहे!

म्हणून काल संध्याकाळी आणखी पुढे गेले. आठही स्क्रू माझ्या पद्धतीने लावले आणि प्रत्येकाच्या डोक्यावरची खाच कुठल्या दिशेला आहे ते या वहीत गोल काढून टिपलं, घड्याळाच्या काट्यासारखं. आज सकाळी परत काढलं. मागचं पान आणि हे पान शेजारी धरून बघा म्हणावं कुणीही. आठच्या आठ फिरलेले. माझं सेटिंग कुणीतरी मोडतंय.

गॅरेजच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरेला आहे.

मूग गिळून आठही स्क्रू पुन्हा माझ्या पद्धतीने लावले. आता डोळ्यात तेल घालून बसायचं.

१४ फेब्रुवारी

सगळं जगच बिघडत चाललंय. गजराचं घड्याळ दुरुस्त करून आणलं, तरी वाजत नाही. घड्याळवाला म्हणतो वाजतंय. सरळ तोंडावर खोटं!

दुपारी लेकीचा फोन. तिला कितीदा सांगितलं की फोनवर शब्द खाऊ नकोस. आज शेवटी ती ओरडलीच, "आई, डॉक्टरकडे गेलीस का?" मी म्हटलं, मला काय झालंय? गुडघा ठीक आहे.

मग चहाच्या वेळी भाऊजींचा फोन बाकावर पडला होता आणि त्यावर माझ्या लेकीचं नाव उमटलं. त्यांनी झडप घालून उचलला आणि दाराबाहेर जाऊन बोलले. काका-पुतणीने बोलायला माझी हरकत नाही. पण दाराबाहेर? मी टोस्ट खात होते, दात कुरकुर वाजत होते, त्यामुळे एक अक्षर कळलं नाही. पण परत येताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखते. डोक्यावरचं ओझं काढायचं ठरलं की माणूस असा बघतो. मला गॅरेजातून काढायचा बेत आहे. आधी माझं काम बिघडवायचं, मग म्हणायचं, वहिनी, आता वय झालं, घरी बसा.

लेकसुद्धा सामील असेल, असं मनात आलं आणि चहा तसाच ठेवून उठले.

१८ फेब्रुवारी

कप्तान सकाळी लवकरच आले, त्यामुळे मला स्क्रू तपासायला वेळ मिळाला नाही. तशीच गाडी बाहेर काढली. मी पुढे, भाऊजी मागे. टेकडीचा चढ दोनदा चढलो. कप्तान खूश. "बाई, मागच्या वर्षी या चढावर शिवणयंत्र चालल्यासारखं वाटायचं. आता काहीच नाही!"

म्हणजे माझाच कान खरा. गाडी जोरात असताना सगळ्यांचं बोलणंही मला नीट कळत होतं, अगदी मागून भाऊजी बोलले तेही. "वहिनींची कल्पनाच तशी आहे," असं म्हणाले. गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच.

परत आल्यावर कव्हर उघडलं. स्क्रू पुन्हा फिरवलेले. पुन्हा त्याच जागी, बारा तारखेच्या सकाळच्या चित्रातल्यासारखेच. म्हणजे कप्तान खूश झाले ते बिघडवलेल्या सेटिंगवर. माझ्या सेटिंगवर तर वेडेच होतील.

मी परत सगळं सैल केलं.

२० फेब्रुवारी

सापडले.

आज उजाडताच गेले. कुलूप उघडं होतं. भाऊजी गाडीच्या मागे जाजम टाकून आडवे, डाव्या हातात फीलरची पाती, उजव्या हातात स्पॅनर. मला बघून उठलेसुद्धा नाहीत.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

त्यांचे ओठ हलले. "कान" एवढंच कळलं.

"काय ते नीट बोला. चोरासारखं पुटपुटू नका!"

ते उठले. मला वाटलं बाहेर जातील. पण सरळ लेथकडे गेले आणि तो चालू केला. त्यात काम काहीच लावलेलं नव्हतं, नुसता मोकळा फिरत होता. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "वहिनी, आता ऐकू येतंय?"

"मला नेहमीच ऐकू येतं."

"नाही येत. हा चालू असला की येतं, कारण मी ओरडतो. दहा तारखेपासून हे इंजिन डबे कुटल्यासारखं वाजतंय. तुम्ही सैल करता, मी सकाळी येऊन पातीने सहा हजारांश इंचाची गॅप लावतो. घाटावर तसंच गेलं तर स्क्रूची टोकं फुटतील, व्हॉल्व्ह ठेचतील. काय करायचं होतं मी? तुमच्या तोंडावर सांगायचं?"

"हे कुणी शिकवलं? माझ्या लेकीने?"

त्यांनी लेथ बंद केला. मी म्हटलं, किल्ली ठेवा आणि निघा. तीस वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. त्यांनी किल्ली बाकावर ठेवली, डबा उचलला आणि गेले. त्यांचा लांब स्क्रू-ड्रायव्हर मात्र गाडीखालीच राहिला.

मी कुणाचं वाईट केलं म्हणून माझ्या वाट्याला हे यावं?

२२ फेब्रुवारी

दोन दिवस एकटीने काम केलं. आठही स्क्रू माझ्या पद्धतीने लावले. इंजिन लोण्यासारखं चालतंय. मनाला शांती मात्र नाही.

दुपारी इंजिन चालू असताना शेजारचा चष्मेवाला दारात येऊन ओरडला, "वहिनी, काय कुटताय? माझ्या गिऱ्हाइकाला पाटीवरची अक्षरं वाचायची आहेत, ते कानात बोटं घालून बसलंय!"

मी म्हटलं, अक्षरं डोळ्यांनी वाचतात. तो हात जोडून निघून गेला. भाऊजींनी यालाही फितवलं. रोज संध्याकाळी दोघं एकत्र पान खातात, मला माहीत आहे.

पण एक गोष्ट राहून राहून टोचते. फितवलेला माणूस आपलं गिऱ्हाईक कशाला उठवून पाठवेल? ते गिऱ्हाईक खरंच उठून गेलं. मी खिडकीतून पाहिलं.

२४ फेब्रुवारी

नीट लिहायचं आहे, म्हणून आधी हात धुऊन, चहा घेऊन बसले आहे.

सकाळी गाडीखालून भाऊजींचा स्क्रू-ड्रायव्हर काढला. हा त्यांचा ऐकायचा आहे. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, म्हणजे आतला आवाज दांडीतून येतो. हे पण असाच वापरायचे. मी नेहमी हसायचे, ही म्हाताऱ्याची काठी मला नको म्हणायचे. आज ठरवलं की त्यांच्याच काठीने त्यांचा खोटेपणा सिद्ध करायचा. इंजिन चालू केलं. शांत. टोक टॅपेट कव्हरवर ठेवलं, मूठ हाडाला लावली.

असा आवाज मी जन्मात ऐकला नाही. आठ हातोडे. प्रत्येक वेगळा, प्रत्येक स्पष्ट, अगदी पूर्वी ऐकू यायचा तसा. मी दचकून मूठ काढली. शांत. परत लावली. हातोडे. मी किती वेळा लावून काढली, मोजलं नाही. एकदा वाटलं, स्क्रू-ड्रायव्हरमध्येच काही केलंय. संशयाची सवय इतकी लागली होती.

मग ते गजराचं घड्याळ खणातून काढलं आणि कानामागे दाबलं. टिक टिक टिक. ते इतके दिवस चालूच होतं. घड्याळवाल्याला मी काय काय बोलले.

इंजिन बंद करून जमिनीवर बसले आणि रडले. मोठ्याने रडले असेन, कारण मलाही ते डोक्यात ऐकू येत होतं. यांच्या मागे माझ्याकडे आपलं म्हणावं असं एकच होतं, आणि ते केव्हा गेलं हेही मला कळलं नाही.

थोड्या वेळाने कव्हर काढलं. युक्ती खरी निघाली, एवढं बरं. रॉकर, स्क्रू, व्हॉल्व्हची टोकं, सगळं तेलाने माखलेलं, कुठे सुकं नाही, कुठे जळाल्याचा निळा डाग नाही. पण दोन स्क्रूंच्या टोकांना ठोक्याने चमकती खळगी पडली होती. माझ्या दोन दिवसांच्या कर्तबगारीने. ते दोन बदलले.

भाऊजींची पाती शोधली. वीस वर्षांनी हातात धरली, तर बोटं चाचपडली. एकेक गॅप सहाची लावली. लावून झाल्यावर, का कोण जाणे, ही वही उघडली आणि बारा तारखेचं चित्र शोधलं. ज्या पानावर मी 'मोडतंय' असं लिहिलं होतं, ते. बदललेले दोन सोडले, तर बाकी सहाही स्क्रूंच्या खाचा त्या चित्रात होत्या तिथेच येऊन थांबल्या होत्या. चोर पकडण्यासाठी केलेल्या नोंदीत मीच माझ्या हाताने बरोबर सेटिंग लिहून ठेवलं होतं.

२६ फेब्रुवारी

फोन करून उपयोग नव्हता. चिठ्ठी पाठवली: 'स्क्रू-ड्रायव्हर राहिलाय, घेऊन जा.' माफीचं वाक्य तीनदा लिहून तीनदा खोडलं.

भाऊजी अकराच्या सुमारास आले. दारातच थांबले. काहीतरी बोलले. मी हाताने थांबा म्हटलं, लेथकडे गेले आणि तो मोकळाच चालू केला.

"भाऊजी," मी म्हटलं, "आता बोला."

तिथेच उभं राहून त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने खूप वेळ पुसत राहिले. लेथ फुकट फिरत होता. एरवी त्यावरून आमचं भांडण झालं असतं.

शेवटी म्हणाले, "लेकीला मीच विचारलं होतं, तुम्हाला कसं सांगू म्हणून. तीही म्हणाली, काका, माझी हिंमत नाही."

"एवढी मी वाईट आहे?"

"वाईट नाही. तापट आहात."

मी किल्ली त्यांच्या हातात दिली. मग त्यांनी पाती घेऊन माझं सेटिंग तपासलं. आठापैकी सात बरोबर. आठवा दाखवून म्हणाले, "हा जरा घट्ट आहे." मी म्हटलं, असू दे की, एकदा तरी घट्ट झाला.

२८ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरकडे भाऊजी घेऊन गेले. तिने एक कंप पावणारा चिमटा कानाजवळ धरला, मग कानामागच्या हाडावर. हाडावर टेकवताच तो खणखणला. मी म्हटलं, आमच्याकडे हे स्क्रू-ड्रायव्हरने करतात.

तिने चित्र काढून दाखवलं. कानाच्या पडद्यापासून आत तीन इवलीशी हाडं, एक दुसऱ्याला ढकलणारी. शेवटचं जाम झालंय, म्हणून हलत नाही. मी चित्र बघतच राहिले. दांडी, रॉकर, व्हॉल्व्ह. विचारलं, "तेल सोडून मोकळं होईल का?" ती इतकी हसली की मला तेही ऐकू आलं. ऑपरेशन होतं म्हणे, बऱ्याचदा उपयोग होतो. आणि स्वतःचा आवाज हाडातून मोठा ऐकू येतो, म्हणून मी लोकांशी हळू बोलते, असंही म्हणाली. तिने तारीख द्यायला वही काढली. मी म्हटलं, आधी घाट, मग तारीख.

२ मार्च

घाट चढलो. अकरा गाड्या, हिरवी सगळ्यांत पुढे. मध्यावर, जिथे मागच्या वर्षी ती गाडी जळाली, तिथे कप्तानांनी वेग मुद्दाम वाढवला. माझा जीव मुठीत होता. भाऊजी मागून ओरडून सांगत होते, "काही नाही, वहिनी! काही वाजत नाही!" त्यांच्या शब्दावर बसून राहणं माझ्यासाठी नवीन होतं.

वर पोचल्यावर कप्तानांनी मागचं झाकण उघडलं आणि इंजिन चालू ठेवलं. सगळे मालक गोल करून उभे राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते, पूर्वी बघायचे तसे. बाई मान वाकवेल, कान देईल, आणि निकाल सांगेल. नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. कुणाला काही कळलं नसतं.

मी भाऊजींपुढे हात केला. त्यांनी पाठीमागे धरलेला स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात ठेवला. टोक कव्हरवर टेकवलं, मूठ कानामागे दाबली, आणि सगळ्यांसमोर वाकून ऐकलं. आधी डावी बाजू, मग उजवी.

"ठीक आहे," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं असणार, कारण कप्तानांनी या वेळी "मोठ्याने बोला" म्हटलं नाही.